कोळशावर बिडाचा सपाट तवा: मधे करपतं, कडेला कच्चं. माझं काय चुकतंय?

अर्धाकच्चा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज हात पोळल्यावर लिहितोय (खरंच पोळलाय, करंगळी).

माझ्याकडे झाकणाची आयताकृती बार्बेक्यूची शेगडी आहे. आतून साधारण ५० बाय ३० सेंटिमीटर. तिच्या जाळीवर ठेवायला बिडाचा जाड सपाट तवा घेतला. ४५ बाय २८, जाडी ९ मिलिमीटर, चारी बाजूंनी तेल वाहून जायला खाच. काट्यावर आठ किलोच्या वर भरला. शेगडीत अगदी मापात बसला म्हणून मी खूश.

कोळसे वरून राखाडी होईपर्यंत पेटवले, शेगडीभर सारखे पसरले, वर तवा ठेवला. पाच मिनिटांनी तेल ओतलं. आधी धूर, मग तेल खाचेतून कडेला गेलं आणि खालून भप्पकन ज्वाळा वर आली. करंगळी तेव्हाच पोळली. सावरून चार अंडी फोडली. मधली दोन खाली काळी आणि तव्याला अशी चिकटली की खरवडून काढावी लागली. कडेच्या दोघांचा पांढरा बलक दहा मिनिटांनीही पाण्यासारखा.

मग कांदा टाकला. तोवर अर्धा तास झाला असेल. तवा गार पडत चालला, कांदा परतायच्या ऐवजी उकडायला लागला. कोळसे संपले वाटून चिमट्याने तवा एका बाजूने उचलला, तर खालचे निखारे माझ्याकडे बघून लाललाल झाले! संपले नव्हतेच.

आता तव्याच्या मधोमध वीतभर राखाडी डाग पडलाय, हात लावला की खरखरतो. तवा खराब निघाला, आग चुकली की मीच चुकलो? सगळं सांगा, मनाला लावून घेणार नाही.

वाचनमात्र
वाचतोय. माझंही सेम टु सेम, फक्त अंड्यांच्या जागी बटाटे.

सावलीतली_मांजर
मापात बसला हीच चूक आहे. तुम्ही शेगडीला तवा नाही, झाकण घातलंत.

राखाडी
मांजरबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, मी जरा पाल्हाळ लावतो.

कोळशाला दोन वाटा लागतात. खालून ताजी हवा आत यायची, वरून गरम धूर बाहेर जायचा. गरम हवा वर गेली तरच खालची ओढली जाते. तुमच्या तव्याने वरची वाट बंद केली. खालच्या झडपा सताड उघड्या असल्या तरी हवा आत येणार कशी? निखारे अर्धमेले होऊन पडून राहिले. पुरावा तुम्हीच दिलाय: तवा उचलल्याबरोबर ते फुलले.

म्हणून पहिला नियम. जाळीचा निदान एक तृतीयांश भाग उघडा राहिला पाहिजे. तुमच्या ५० सेंटिमीटरच्या शेगडीत ३० ते ३३ लांबीचा तवा चालेल. ४५चा बदलून मिळत नसेल तर दुसरा उपाय: जाळीच्या चार कोपऱ्यांवर लोखंडी नट किंवा फरशीचे जाड तुकडे ठेवून तवा दीड-दोन सेंटिमीटर वर उचला. चारी बाजूंनी धूर निसटतो. देखणं दिसत नाही, पण चालतं. तवा डगमगणार नाही एवढं मात्र आधी गार असतानाच हलवून बघा. आठ किलोचं तापलेलं धूड घसरलं तर करंगळीवर भागणार नाही.

आता मधे करपणं, कडेला कच्चं राहणं. कोळसे सारखे पसरले की तवाही सारखा तापेल असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. पण तव्याच्या मधल्या भागाला चहूकडच्या निखाऱ्यांची धग लागते, कडेला एकाच बाजूची, वर कडा वाऱ्याने निवतात त्या वेगळ्या. सारखं तापवायचंच असेल तर मधे कोळसे विरळ आणि कडेला दाट ठेवावे लागतात. मी तर सारखं तापवायच्या नादालाच लागत नाही. कोळसे एका बाजूला दोन थर, मधे एक थर, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. तवा आपोआप तीन आचांचा होतो. एका टोकाला खरपूस करायचं, मधे शिजवायचं, दुसऱ्या टोकाला झालेलं गरम ठेवायचं. गॅसवर यासाठी तीन बर्नर लागतात.

खडेमीठ
एक मूलभूत शंका. कोळशावर भाजायची मजा कशात असते? चरबी आणि रस निखाऱ्यावर ठिबकतात, त्यांचा धूर होतो, तो पदार्थाला लागतो. मधे लोखंडाची भिंत घातली की ठिबकणं बंद, म्हणजे चव बंद. मग हाच तवा घरातल्या शेगडीवर ठेवला तर काय बिघडलं? उगाच राख, धूर आणि पोळलेली करंगळी. मला तर हा सगळा फोटो काढायचा उद्योग वाटतो.

फुंकणी
खडेमीठ, निम्मं मान्य. तव्यावर झालेल्या कांद्याला जाळीवरच्या कांद्याची चव येत नाही, येईल असं कोणी सांगत असेल तर ते थाप मारतंय. पण जाळीवर कांदा परतून दाखवा बरं. किंवा अंडं. मशरूमचे काप, मक्याचे दाणे, हात लावला की मोडणारा मासा, हे सगळं जाळीतून खाली जातं.

मला पंधरा-वीस माणसांचं करायचं असतं. अर्ध्या जाळीवर तवा, अर्धी जाळी उघडी. एका बाजूला मांस किंवा कणसं थेट निखाऱ्यावर, शेजारी तव्यावर कांदा, बटाटे, पाव. एकच आग, दोन कामं, आणि मी घरात-बाहेर पळत नाही. शिवाय तव्यावर भरपूर कांदा परतला की घराला दोन दिवस जो वास राहतो तो राहत नाही. हे एकच कारण मला पुरतं.

आणि धूर हवाच असेल तर उघड्या बाजूच्या निखाऱ्यांवर लाकडाचा एक सुका तुकडा टाका. झाकण लावताना त्याच्या वरची झडप तव्याच्या बाजूला येऊ द्या. धूर बाहेर पडताना तव्यावरूनच जातो. मासा आणि चीज धूर पटकन धरतात, बटाटा फारसा धरत नाही.

खडेमीठ
घराच्या वासाचा मुद्दा मान्य. बाकीचं राखून ठेवतो.

लोहकण
मी ओतकामाच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून धातूच्या बाजूने थोडं.

बीड उष्णता छान पसरवतं हा मोठा गैरसमज. ॲल्युमिनियमच्या मानाने बिडातून उष्णता साधारण चार-पाच पट सावकाश सरकते. निखारा जिथे आहे तिथेच तवा तापतो, वीतभर अंतरावर बातमी पोचायला वेळ लागतो. राखाडींची तीन आचांची युक्ती चालते ती यामुळेच. ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर ती तितकी जमणार नाही.

मग बिडाचा फायदा काय? वजन. गंमत म्हणून हिशेब मांडला. तुमचा तवा ८.२ किलो धरू. एक किलो बीड एक अंशाने तापवायला साधारण ०.४६ किलोज्यूल लागतात. २०० अंशांनी तापवायला साडेसातशे किलोज्यूल. एक किलो चांगला कोळसा जळून साधारण ३० हजार किलोज्यूल देतो. म्हणजे अख्खा तवा तापवायला कागदावर फक्त २५ ग्रॅम कोळसा पुरे! प्रत्यक्षात बहुतेक धग कडेने आणि धुरावाटे निसटते, पण मुद्दा असा की उष्णतेचा तुटवडा कधीच नसतो. ती तव्यात मुरायला वेळ द्यावा लागतो. पाच मिनिटांत मधला भाग भडकलेला आणि कडा गार, हे होणारच. २० ते २५ मिनिटं द्या, तीही मध्यम निखाऱ्यावर.

राखाडी डाग: तव्यावरचा काळा थर म्हणजे तेल तापून, त्याचे रेणू एकमेकांत गुंतून झालेला कडक लेप. लोखंडाच्या मानाने तो नाजूक. चारशे अंशांच्या आसपास जळून राख होतो, आणि हवा मिळालेले निखारे स्वतः सातशेच्या वर असतात. तुम्ही सुरुवातीला भडकलेल्या निखाऱ्यांवर कोरडा तवा ठेवलात, मधला लेप जळला, उघड्या लोखंडाला अंडं चिकटलं. तवा मेलेला नाही. लेप पुन्हा चढवता येतो.

मरण दुसऱ्या गोष्टीने येतं. माझ्या स्वतःच्या हातून झालंय. तवा चांगला तापलेला, कडेला काहीतरी करपलं होतं, ते सुटावं म्हणून तांब्याभर गार पाणी ओतलं. आधी वाफेचा लोट, मग 'टण्ण' असा घंटेसारखा आवाज. वाफ गेल्यावर पाहिलं तर कडेपासून मधापर्यंत केसासारखी बारीक रेघ. पुढच्या वेळी तापवला तेव्हा त्या रेघेतून तेल खाली गळायला लागलं. बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात, तडा गेला की त्या पापुद्र्यांच्या वाटेने पुढे पळतो. पोलादी पत्रा वाकून सहन करतो, बीड वाकत नाही, मोडतं. बिडातच आयुष्य घालवलेल्या माणसाने हे करावं! घरात अजून ऐकवतात.

अर्धाकच्चा
बापरे. मी चिकटलेली अंडी काढायला नेमकं पाणीच ओतणार होतो, करंगळीच्या नादात राहून गेलं. करंगळीचे आभार.

तवा नीट तापलाय हे कळणार कसं? थर्मामीटर नाहीये.

सावलीतली_मांजर
ओल्या बोटांनी थेंब शिंपडा आणि बघा.

थेंब पडला तिथेच बसून बुडबुडे काढत बसला तर थांबा. चर्र होऊन दोन क्षणांत नाहीसा झाला तर कांदा, बटाटा, अंडं यांची वेळ. थेंब फुटून बारीक गोळ्या झाल्या आणि त्या पाऱ्यासारख्या तव्यावर पळायला लागल्या तर तवा दोनशेच्या आसपास किंवा वर गेलाय. मांसाला खरपूस कवच हवं असेल तर हीच वेळ, अंड्याला मात्र चुकूनही नाही.

एका जागी शिंपडून मोकळे होऊ नका. तव्याच्या पाच ठिकाणी शिंपडा. पहिल्यांदा केलंत की स्वतःच्या तव्याचा नकाशा कळेल.

खडेमीठ
माझ्याकडे लांबून तापमान दाखवणारी बंदूक आहे (हो, मी फोटोच्या उद्योगांना नावं ठेवतो आणि बंदूक बाळगतो). काळ्या मुरलेल्या तव्यावर बरोबर दाखवते. चकचकीत नव्या धातूवर बरंच कमी दाखवते, त्यामुळे नवीन स्टीलच्या तव्यावर तिच्या भरवशावर राहिलात तर आगीतून फुफाट्यात.

अर्धाकच्चा
आणि तेल कुठलं? मी लोणी पण वापरून बघणार होतो.

फुंकणी
लोण्यातले दुधाचे कण दीडशेच्या पुढे करपायला लागतात. चव हवी तर पदार्थ उतरवताना शेवटी लावा. तापवायला रिफाइंड सूर्यफूल किंवा शेंगदाणा, ही सव्वादोनशेपर्यंत धुराशिवाय टिकतात.

पण कुठलं यापेक्षा कसं हे महत्त्वाचं. तव्यावर तेल ओतायचंच नाही! चिरलेल्या कांद्यालाच भांड्यात दोन चमचे तेल चोळून घ्या, बटाट्यालाही, माशालाही. मग तव्यावर टाका. तेल जिथे लागतं तिथेच राहतं, मोकळ्या जागेत जळत नाही, खाचेतून वाहत नाही. अंड्यापुरतं कापडाच्या बोळ्याने पुसायचं, बोळा लांब चिमट्यात धरून.

ज्वाळेचं कारण वेगळं लिहिते कारण सगळे इथेच पोळतात. तेलाची खाच भरली की तेल तव्याच्या बाहेर आणि थेट निखाऱ्यावर. तवा अगदी किंचित तिरपा ठेवा, उतार बिनकोळशाच्या टोकाकडे. त्या टोकाखाली पत्र्याची छोटी वाटी. आणि ज्वाळा आलीच तर पाणी नाही! झाकण लावा, झडपा बंद करा, हात लांब.

वाचनमात्र
शेगडी पेटवून तासभर झाला आणि पाऊस आला तर काय करता? मी गॅरेजमध्ये आत घेतो, शटर अर्धं उघडं ठेवून.

राखाडी
वाचनमात्र, हे ताबडतोब बंद करा. अर्धं शटर, उघडी खिडकी, पंखा, काहीही चालत नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, माणसाला वाटतं जेवण जास्त झालं आणि तो जरा पडतो. तो उठत नाही. धूर दिसेनासा झाल्यावर, नुसते लाल निखारे उरल्यावरही तो निघतच असतो.

पाऊस आला तर झाकण लावायचं, सगळ्या झडपा बंद करायच्या आणि आपण आत जायचं. शेगडी बाहेर. जेवण राहिलं तर राहिलं. आणि राख दुसऱ्या दिवशीसुद्धा कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका. पोटात निखारा जिवंत असतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दोन दिवस राहू द्या.

वाचनमात्र
शटर अर्धं उघडं म्हणजे पुरेसं असंच धरून चाललो होतो. परवाच डोकं दुखलं होतं, मला वाटलं उन्हाने. धन्यवाद राखाडी, मनापासून.

लोहकण
अवांतर: कोळसा आणि बीड यांचं नातं जुनं आहे. पूर्वी लोखंड गाळायलाच लाकडी कोळसा लागायचा. अब्राहम डार्बी नावाच्या इंग्रज माणसाने १७०७ साली वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतायचं पेटंट घेतलं आणि १७०९ मध्ये कोलब्रुकडेलला लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड गाळून दाखवलं. बिडाची भांडी स्वस्त होऊन घरोघरी जायला तिथून जोर आला. म्हणजे ज्याने स्वयंपाकाच्या बिडाला लाकडी कोळशापासून सोडवलं, त्याचीच भांडी आपण पुन्हा कोळशावर चढवतोय.

सावलीतली_मांजर
लोहकण, तिकडे माणसाचा तवा राखाडी पडलाय. डाग कसा काढायचा ते सांगा, डार्बी थांबेल.

लोहकण
सॉरी सॉरी.

अर्धाकच्चा, डागावर खरखरणारी पूड असेल ती तारेच्या घासणीने काढा. गरम पाणी, थोडा साबण, लगेच पुसून तवा आचेवर पूर्ण कोरडा. हाताला ऊबदार लागतो तेव्हा तेलाचे चार थेंब चोळा, मग कोरड्या फडक्याने ते सगळं पुसून काढा. तेल लावलंच नव्हतं असं समजून पुसा. जे डोळ्यांना न दिसता उरतं तेवढंच हवं. जाड लावलं की चिकट होतं आणि पुढे पापुद्रे सुटतात. मग ओव्हनमध्ये २३० ते २५० अंशांवर तासभर, पालथा ठेवून. असं तीन वेळा.

ओव्हनमध्ये मावत नसेल तर शेगडीतच करा. कोळसे एका कडेला, तवा दुसऱ्या कडेला पालथा, झाकण बंद, मधे एकदा फिरवायचा.

जवसाचं तेल सगळ्यात उत्तम असं जागोजागी वाचाल. कडक आणि चकचकीत थर होतो खरा, पण माझ्याकडे तो वर्षभरात खपल्यांसारखा निघाला. साधं सूर्यफूल पुरतं.

खडेमीठ
साबण?! बिडाच्या तव्याला साबण?

सावलीतली_मांजर
आला. वाटच बघत होते.

पूर्वीच्या साबणात तीव्र क्षार उरायचा, तो लेप खायचा. हल्लीचा भांड्यांचा साबण तेवढा जहाल नसतो. नीट मुरलेला थर म्हणजे तेल राहिलेलं नाही, साबणाने ते निघत नाही. भिजत ठेवू नका आणि डिशवॉशरमध्ये घालू नका, एवढंच. मी मासा केल्यावर प्रत्येक वेळी साबण लावते, नाहीतर दुसऱ्या दिवशी पॅनकेकला माशाचा वास.

फुंकणी
साबणापेक्षा राखेला भ्या. कोळशावरच्या तव्याचं खास दुखणं हेच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपण वरची बाजू पुसतो, तेल लावतो, आणि तवा शेगडीवरच ठेवून झोपतो. राखेत क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात. तव्याच्या पोटाला राख चिकटलेली असेल तर दोन दमट रात्रींत तांबूस पूड दिसते. एकदा चार दिवस विसरले होते, पोटावर बोट फिरवलं तर बोट विटकरी झालं. तेव्हापासून तवा कोमट झाला की आधी पालथा करून पोट झाडते, पुसते, तेलाचा बोळा खालूनही फिरवते. खालचा लेप पुढच्या वेळी जळतोच, तरी मधल्या दिवसांत गंज धरत नाही.

अर्धाकच्चा
(आठ दिवसांनी) धागा वर काढतोय. अहवाल देणं कर्तव्य आहे.

डाग घासून तीन वेळा लेप चढवला. ४५चा तवा ओव्हनमध्ये मावेना, म्हणून राखाडीकाकांचे नट आणि लोहकणांचा पालथा प्रकार शेगडीतच. रंग पूर्ण एकसारखा नाही, मधे जरा तपकिरी दिसतो, पण हात गुळगुळीत फिरतो.

काल मैदानात उतरलो. कोळसे पत्र्याच्या नळकांड्यात पेटवले, वीस मिनिटांत वरचे राखाडी झाले. डावीकडे दोन थर, मधे एक, उजवीकडे मोकळं. तवा नटांवर उचललेला, उजवीकडे किंचित उतार, खाली वाटी. आणि घड्याळ लावून २५ मिनिटं काही केलं नाही. या पंचवीस मिनिटांत मी चार वेळा तेलाच्या बाटलीपर्यंत जाऊन परत आलो.

मग थेंब शिंपडले. डावीकडे गोळ्या पळाल्या, मधे चर्र, उजवीकडे नुसते बुडबुडे. मांजरताई, नकाशा! मी बायकोला बोलावून दाखवलं. तिने "पाणी तापलंय, बरं" एवढंच म्हटलं.

कांदा जाड चकत्या करून, तेल चोळून मधे लावला. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच घडत नाही असं वाटलं, मग कडेच्या रिंगा आधी काचेसारख्या झाल्या, मग खालून सोनेरी रेघ वर चढताना दिसली. उलथण्याचं टोक खाली घातलं आणि चकती अख्खी उचलली गेली, एक रिंगसुद्धा सुटली नाही. अंडी मध्य आणि उजवीकडच्या सीमेवर फोडली. पांढरा भाग घट्ट, कडा जाळीदार, चिकटलं शून्य. तासभर निखारे टिकले, मधे एकदा कडेच्या फटीतून सहा-सात कोळसे सरकवले.

आता अपयश. मासा. कातडीच्या बाजूने डावीकडच्या कडक भागावर ठेवला, दोन मिनिटांनी उलटायला गेलो, कातडी तव्यावर आणि मासा उलथण्यावर. दुसरं म्हणजे टोमॅटोच्या चकत्या भाजल्या, छान झाल्या, पण त्या जागी तव्याचा काळेपणा उतरलाय आणि टोमॅटोला किंचित लोखंडी चव आली.

राखाडी
वा! काकांचे नट सार्थकी लागले.

मासा तुम्ही उलटला, तो उलटायला तयार नव्हता. प्रथिनं गरम धातूला आधी घट्ट धरतात आणि कवच भाजून कोरडं झालं की स्वतःच सोडतात. कडेखाली उलथणं घालून हलकेच बघायचं, अडकलं तर हात मागे, अजून एक मिनिट. ओढायचं नाही. दुसरं, मासा ठेवण्याआधी कागदाने टिपून अगदी कोरडा करा. ओली कातडी आधी वाफवते, मग चिकटते. आणि सगळ्यात कडक भागापेक्षा मधला भाग बरा. मला हे जमायला बरेच मासे लागले, आकडा सांगत नाही.

लोहकण
टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू, सगळी आम्लं नवीन लेपाला खातात. पन्नासेक वेळा वापरून थर जाड होईपर्यंत ती उघड्या जाळीवर भाजा किंवा उतरवल्यावर वरून पिळा. लोखंडी चवीने अपाय नाही, थोडं लोह पोटात गेलं इतकंच. त्या जागी एकदा पातळ तेल लावून तापवा.

फुंकणी
पुढच्या वेळी एक करून बघा. जाड मांसाचा तुकडा आधी उघड्या बाजूला, बिनकोळशाच्या टोकावर झाकण लावून सावकाश आतून शिजवा. मग शेवटची दोन-तीन मिनिटं तव्याच्या सगळ्यात कडक भागावर दाबून दोन्हीकडून कवच आणा. धूर जाळीवर मिळाला, कवच तव्याने दिलं. खडेमीठ यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना, चव कुठून येणार? कोंबडी असेल तर मात्र आतलं तापमान ७४ अंशांपर्यंत गेल्याशिवाय वाढू नका. यासाठी तरी सुईचा थर्मामीटर घ्याच.

अर्धाकच्चा
घेतो. सुईचाच घेतो, बंदूक नको.

खडेमीठ
बंदुकीला नावं ठेवू नका.

एक कबुली द्यायची आहे. माझ्याकडे तीन वर्षांपासून बिडाचा एक उभ्या खाचांचा तवा आहे. मांसावर पट्टे छान येतात, पण खाचांमधली घाण काढताना जीव जातो म्हणून वर टाकून दिला होता. हा धागा वाचून काल खाली काढला. पालथा केला तर मागची बाजू सपाट, कडेने तेलाची खाच. दोन्हीकडून वापरायचाच तवा होता तो. मी तीन वर्षं त्याला पट्ट्यांचं यंत्र समजत होतो.

सावलीतली_मांजर
फोटो टाका ना. तुम्हाला तो उद्योग आवडतो.

खडेमीठ
आधी गंज काढतो. पोट पूर्ण विटकरी आहे. फुंकणीताई, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवू का रात्रभर?

फुंकणी
रात्रभर नको! निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर, आणि अर्ध्या तासाने उचलून बघायचा. गंज संपला की ते लोखंडच खायला लागतं. घासा, धुवा, आणि लगेच आचेवर कोरडा करा. पाणी पुसून तसाच ठेवलात तर अर्ध्या तासात पुन्हा तांबडा दिसेल.

खडेमीठ
ठीक. घड्याळ लावलंय.